करड्या कोटांची काजं

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होईल. ती होती तोवर ही गोष्ट मला कधी धड सांगता आली नाही. पाहुण्यांसमोर सुरुवात केली की आतून आवाज यायचा, "अहो, पुरे करा, त्यांना गाडी पकडायची असेल." पाहुणे तर मुक्कामाला आलेले असायचे! आता अडवणारं कोणी नाही. घर इतकं गप्प आहे की कपाटाचं दार वाजलं तरी दचकायला होतं. म्हणून लिहायला बसलो. मी इस्त्रीवाला माणूस, सजवून लिहिणं मला येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

युद्धात आमचं शहर शत्रूच्या हातात गेलं तेव्हा आम्ही दोघं एकाच शिवणकारखान्यात कामाला होतो. मालक आधीच बायकामुलं घेऊन पळाले होते. शत्रूच्या सैन्याने कारखाना बंद केला नाही, फक्त दारावर एक शिपाई बसवला आणि सांगितलं, आता आमच्या अधिकाऱ्यांचे कोट शिवा. कारखान्यातले पुरुष लढाईवर गेलेले. माझा डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून मी मागे राहिलो, आणि राहिल्या दहा-बारा बायका. त्यांच्यावर देखरेख आत्याबाईंची. त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या, पण सगळा कारखाना त्यांना आत्याबाई म्हणायचा. पुढे पुढे दारावरचा शिपाईसुद्धा म्हणायला लागला.

माझी बायको, म्हणजे ही, काजं करायची. बटण अडकवायला कोटाला चीर पाडतात, तिच्या कडा दोऱ्याने बांधून घेतल्या की काज झालं. शत्रूच्या गोदामातून येणाऱ्या तयार कोटांची काजं यंत्रावरची असत, आणि हिवाळा संपेपर्यंत त्यांचे दोरे लोंबायला लागत. हिचं काज हाताचं. कडेला जाड दोरा ठेवून त्यावर टाके घालायचे. टाक्यांचा दोरा आधी मेणातून ओढलेला, मग कागदात धरून माझ्या इस्त्रीखालून काढलेला. बटणाकडच्या टोकाला डोळ्यासारखा गोल. कोट फाटला तरी काज तसंच राहायचं. ही पद्धत हिच्या आईची. हिने ती कोणाला दाखवली नव्हती. काज करायला घेतलं की ही स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची.

शेजारच्या टेबलावर जी बाई होती तिला सगळ्या मिरची म्हणत. ती विचारायची, "काज करतेयस का पाप करतेयस गं? एवढं काय लपवायचं?"

"तू बघितलंस की दोरा तुटतो," ही म्हणायची.

दोघींचं इतकी वर्षं असंच चाललं होतं.

आता हेरगिरीचं सांगतो. लोकांना वाटतं हेर म्हणजे लांब कोट, अंधार आणि पिस्तूल. आमच्याकडची हेर गुडघ्यांवर बसलेली असायची आणि तिच्या ओठांत टाचण्या असायच्या. अधिकारी कोट अंगावर चढवून बघायला येत. ही खाली बसून कोटाचा घेर टाचायची. तोंडात टाचण्या असल्यावर बाई बोलत नाही, म्हणून ती ऐकतही नाही अशी त्यांची समजूत असावी. शिवाय आमचं शहर सीमेजवळचं, त्यांची भाषा आम्हाला लहानपणापासून कळायची. ते हे विसरायचे. हिच्या डोक्यावरून एकमेकांशी खुशाल बोलायचे. कोणती तुकडी कुठे निघाली, कोणता पूल अजून कच्चा आहे, कोणत्या साहेबाचं कोणाशी पटत नाही. ही टाचत राहायची.

संध्याकाळी ही मोठ्या बाईंकडे जायची. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा बंद होती, त्या घरीच असायच्या. ही सांगायची, त्या ऐकायच्या. कागद नाही, खूण नाही, सगळं तोंडी. मोठ्या बाई पुढे कोणामार्फत पोचवतात ते हिला ठाऊक नव्हतं. अशा आणखीही बायका होत्या, कोणी इस्पितळात, कोणी टपालात, पण त्या सगळ्या कोण हे फक्त मोठ्या बाईंना माहीत. मला हिने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," म्हणाली. "एखादी टाचणी गिळेन म्हणून."

थंडी सुरू व्हायच्या सुमारास मोठ्या बाईंना पकडलं. मार खाऊनही त्या बोलल्या नाहीत. अंगात ताप भरला म्हणून त्यांना लष्करी इस्पितळात ठेवलं होतं. उठून बसायला लागल्या की राजधानीत नेणार होते, आणि तिथे माणसांना बोलतं करण्याची वेगळी खोली होती. मोठ्या बाई तिथे बोलल्या असत्या तर हिच्यासकट सगळ्या बायका गेल्या असत्या.

इस्पितळात झाडलोट करणाऱ्या मावशी ह्या साखळीतल्याच. त्यांनी मोठ्या बाईंचा निरोप हिच्याकडे आणला. दारावरचे पहारेकरी सगळ्यांना तपासतात. पण त्यांच्या कचेरीतल्या टायपिस्ट पोरी करडे कोट घालून, छातीशी फायली धरून दिवसभर ये-जा करतात, त्यांना कोणी हटकत नाही. एक करडा कोट हवा.

त्या पोरींचे थंडीचे जादा करडे कोट आमच्याच कारखान्यात ढिगाने पडलेले. थंडीसाठी त्यांना आतून उबदार अस्तर लावायचं काम आलं होतं. कोट आले, अस्तराचं कापड काही आलं नाही. शिपायांनी गाडीतून आणून कोपऱ्यात ओतले आणि निघून गेले. मोजायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

अडचण वेगळीच होती. मोठ्या बाई म्हणजे काडी, त्यात आजाराने अर्ध्या झालेल्या. ढिगातला सगळ्यात लहान कोटही त्यांच्या अंगावर तंबू झाला असता, आणि तंबू चालत निघाला तर पहारेकरी बघणारच. म्हणून हिने एक कोट उसवला. बाजूच्या शिवणी आत घेतल्या, समोरची कड कापून अरुंद केली. कड कापली म्हणजे जुनी काजं गेली. नवी करणं भाग होतं.

मी तिला म्हटलं, "हे बघ, वाईट कर. यंत्राचं वाटलं पाहिजे."

"करते," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मोठ्या बाई भर दुपारी, मावशींनी चादरींत लपवून आत नेलेला कोट घालून आणि त्यांनीच दिलेल्या फायली घेऊन, इस्पितळाच्या पुढच्या दाराने बाहेर पडल्या. पहारेकऱ्याने अदबीने दार धरून ठेवलं. तिथून त्या सरळ धुलाईघरात गेल्या, कोट काढून ओल्या चादरींच्या ढिगात खुपसला, धुणेवालीचे कपडे चढवले आणि एका घरी जाऊन लपल्या. नदी ओलांडायची तर नाक्यांवरची झडती सैल पडेपर्यंत थांबायला हवं होतं. त्या घराचा पत्ता हिला माहीत होता, कारण तिथे जेवणाचा डबा हीच पोचवायची.

शहरात नुसती पळापळ. आम्ही खाली मान घालून कोट शिवत होतो, पण त्या दिवसांत कारखान्यात कोणाच्याही हातून टीप वाकडी गेली नाही. सगळ्यांच्या अंगात उत्साह होता.

मग एका सकाळी इस्पितळातल्या मावशी फाटकी चादर घेऊन आल्या.

"कोट सापडला," त्या चादर पसरत म्हणाल्या. "तो चष्मेवाला कप्तान आहे ना, त्याच्याकडे आहे. भिंग घेऊन काजं बघत बसतो. म्हणतो, कोट आमच्या गोदामाचा, काज गोदामाचं नाही. बाप शिंपी होता म्हणे त्याचा. एकेका शिंप्याच्या दुकानात जाऊन काज करून दाखवायला लावतोय. बाजारातल्या म्हाताऱ्याला उचलून नेलं होतं, रात्रभर उभं करून सोडलं. तुमचा कारखाना शेवटी ठेवलाय, कारण इथे त्यांचंच काम चालतं. पण येणार."

मावशी गेल्या. मी हिच्याकडे बघितलं. "वाईट कर म्हटलं होतं ना?"

"केलं हो." तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. "दोनदा वाईट केलं. दोनदा उसवलं. मला बघवेना ते."

चाळीस टाक्यांच्या कामापायी ही फासावर जाणार होती, आणि हिला पकडलं की मोठ्या बाईंचं घरही सापडणार होतं. पळून जावं तर तो कबुलीजबाबच. आत्याबाईंनी आतलं दार लोटून घेतलं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना सांगावं लागत नसे.

"आता उद्यापासून वाकडी काजं केलीस तरी उपयोग नाही," त्या हिला म्हणाल्या. "त्यांच्या निम्म्या अधिकाऱ्यांच्या अंगावर तुझीच काजं फिरतायत. त्या कप्तानाच्या स्वतःच्या कोटालासुद्धा."

सगळ्या बायकांनी सुया खाली ठेवल्या होत्या. ही कोपऱ्यातल्या करड्या ढिगाकडे बघत होती.

"आत्याबाई, त्या एका कोटाची काजं वेगळी आहेत म्हणून ती दिसतात," ती म्हणाली. "ढिगातल्या सगळ्याच कोटांची तशी असली तर?"

"एवढी काजं करायला एका बाईला दोन महिने लागतील."

"एका बाईला," ही म्हणाली. तिने स्टूल उचललं आणि खोलीच्या मध्ये, सगळ्यांकडे तोंड करून ठेवलं. "या. जवळ या. एकदाच नीट बघा."

कोणी हललं नाही. सगळ्या मिरचीकडे बघत होत्या. मिरचीचा नवरा शत्रूच्या छावणीत कैदेत होता. कप्तानाच्या कानात एक शब्द टाकला असता तर तो कदाचित घरी आला असता. हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं, मिरचीलाही.

"माझ्याकडे काय बघताय?" मिरची कडाडली. "इतकी वर्षं हिची पाठ बघितली. आता तोंड दिसतंय तर मी उठून जाईन होय? सरका गं, उजेड येऊ द्या. सांग, सुई आधी खालून का वरून?"

पुढचे दिवस मी दुसरं काही केलं नाही, फक्त मेणाचे दोरे कागदात घालून इस्त्रीखालून काढले. बायका यंत्राच्या काजावरच हाताचे टाके चढवत होत्या. ही एकेकीच्या मागे उभी. शिकवायला लागल्यावर कळलं, आजवर शिकवत नव्हती तेच बरं होतं!

"हे काज आहे का उंदराचं बीळ? उसव."

"अगं, फाशी तुला होणार, आणि उसवायला मला लावतेस?" मिरची म्हणाली.

"फाशी झाली तरी चालेल. असलं काज माझ्या नावावर नको."

मिरचीने उसवलं. दुसऱ्या खेपेला तिचं काज असं उतरलं की ही वाकून बघत राहिली आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेली. हिच्याकडून ती मोठी शाबासकी होती. मिरचीला ते समजलं, कारण दिवसभर ती नाकातून गुणगुणत होती.

आत्याबाईंनी दारावरच्या शिपायाबरोबर टायपिस्ट पोरींना निरोप धाडला, "कोट आलेच आहेत, तर कोणाला कंबर आत घेऊन हवी असल्यास कळवा." लगेच उत्तर आलं. सगळ्यांनाच हवी होती.

कप्तान आला तेव्हा ढीग जवळजवळ संपला होता. सगळे करडे कोट भिंतीलगतच्या दांडीवर टांगलेले. अस्तराचं कापड नुकतंच आलं होतं, थोड्या कोटांना लागलं होतं, बाकीचे तसेच. कप्तान चाळिशीचा, सडसडीत, बोलायला मऊ. त्याने तो कोट माझ्या इस्त्रीच्या टेबलावर पसरला, स्वतःच्या हाताने सुरकुती काढली. शिंप्याच्या घरचा होता खरा.

"हे काज कोणाचं?" त्याने आमच्या भाषेत विचारलं.

सगळ्यांच्या नजरा आपापल्या सुईवर.

"ठीक. प्रत्येकीने माझ्यासमोर एक काज करायचं."

आत्याबाईंनी चिंध्या वाटल्या. सुया चालू झाल्या. मी इस्त्री धरून उभा होतो, पण ती तापलेली आहे की थंड हे मला सांगता आलं नसतं. ही दुसऱ्या रांगेत बसली होती. कप्तान चिंध्या गोळा करत गेला, एकेक भिंगाखाली धरत गेला. पहिलं काज बघून त्याने मान हलवली. दुसरं बघून तो थांबला. तिसऱ्याला त्याने पहिलं परत काढून बघितलं. हिचं काज त्याच्या हातात आलं, त्याने ते बघितलं आणि बाकीच्यांत टाकलं. शेवटी सगळ्या चिंध्या त्याने टेबलावर ओळीने मांडल्या आणि चष्मा पुसला.

"म्हणजे कोट ह्याच कारखान्यातून गेला," तो म्हणाला.

"हो तर," आत्याबाई म्हणाल्या. "आमचाच आहे. कारखान्याची पद्धत आहे ही. तुमच्या अंगावरच्या कोटाला बघा ना."

त्याने खाली मान घालून स्वतःचं बटण काढलं. मग तो दांडीकडे गेला आणि एकेक करडा कोट उघडून बघायला लागला. सगळीकडे तेच काज, तीच आत घेतलेली कंबर. दांडीच्या टोकाला जाऊन तो वळला.

"हे यंत्राचे कोट होते. काजं परत का केली?"

"दोरे निघाले होते. वर उबदार अस्तर लावून खाली बटणं लोंबत ठेवायची का, साहेब?"

"ह्या कोटाला तर अस्तरच नाही," तो म्हणाला आणि टेबलावरचा कोट उचलला.

ह्याचं उत्तर कोणीच ठरवून ठेवलं नव्हतं.

मिरची उठली. ताडताड चालत कप्तानासमोर गेली.

"अस्तर नाहीच असणार! काजं आधी होतात, अस्तर नंतर. ह्या अर्ध्या दांडीला तरी कुठे आहे? म्हणजे अस्तर लागायच्या आधीच कोणीतरी हा लांबवला. मी म्हणतच होते, एक कोट कमी वाटतोय, एक कोट कमी वाटतोय, आणि ह्या आत्याबाई माझ्यावर डाफरत होत्या. गाडी तुमची, शिपाई तुमचे, दारावर पहारा तुमचा, आणि आम्ही बायका चोर? उद्या ती टायपिस्ट पोरगी कोट मागायला आली तर मी काय माझा काढून देऊ? आणा इकडे तो!"

आणि तिने कप्तानाच्या हातातून कोट ओढून घेतला. खरंच घेतला. झटकला आणि दांडीवर टांगला.

कप्तान दांडीकडे बघत राहिला. आता त्याला वर जाऊन हेच सांगावं लागणार होतं की त्यांच्या गाडीतून किंवा त्यांच्या पहाऱ्यातून कोट चोरीला गेला आणि तो आपल्या कैद्याच्या अंगावर चढला. दारावरचा शिपाई तर आत्ताच घामाघूम झाला होता. कप्तानाने ओळीने मांडलेल्या चिंध्या परत एकदा बघितल्या.

"काज चांगलं आहे," तो हळू म्हणाला. त्याने आपलं बटण लावलं आणि तो निघून गेला.

गाडीचा आवाज लांब गेला. मग आत्याबाई खाली बसल्या, चक्क फरशीवर, आणि हसायला लागल्या. त्यांच्यामागे सगळ्या. शिपायाने डोकावून विचारलं काय झालं, तर मिरची त्याच्यावर खेकसली, "आमचा कोट सापडला, हसू नको?" ही उठून मिरचीसमोर उभी राहिली. म्हणाली, "दोरा संपला असेल तुझा," आणि मेण लावलेली स्वतःची सगळी रिळं तिच्या टेबलावर ठेवून आली.

नाके सैल झाल्यावर मोठ्या बाई धुण्याच्या गाडीतून नदीपलीकडे गेल्या. त्यांच्याकडून जे पुढे पोचलं त्यात कच्च्या पुलाचीही खबर होती, आणि हिवाळा सरता सरता आमचं सैन्य त्याच बाजूने आलं. साखळीतली एकही बाई पकडली गेली नाही. मिरचीचा नवरा युद्ध संपल्यावर घरी आला, हाडांचा सापळा होऊन, पण आला.

शत्रूने शहर सोडलं त्या सकाळी सगळे लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. आम्हीही गेलो. आधी तोफा गेल्या, मग अधिकाऱ्यांच्या मोटारी, मग उघड्या ट्रकमधून टायपिस्ट पोरी. पहाटेचा गारठा होता, म्हणून त्यांनी करडे कोट गळ्यापर्यंत लावून घेतले होते. लोक ओरडत होते, टोप्या उडवत होते, कोणी रडत होतं. ही काहीच करत नव्हती. टाचा उंचावून, डोळे बारीक करून ट्रककडे बघत होती. मला वाटलं तिला त्या पोरींची दया आली.

"काय बघतेयस?" मी विचारलं.

"थांबा हो, मध्ये बोलू नका." तिने माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढलं. "ती कडेची बसलीय ना, तिच्या कोटाचं काज माझं. मधलीचं आत्याबाईंचं. आणि ती उंच पोरगी दिसतेय? तिचं मिरचीचं." ट्रक आमच्यासमोरून गेला. ती त्याच्यामागे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर असं हसू मी लग्नातही बघितलं नव्हतं.

"अहो, मिरचीचं माझ्यापेक्षा सरस झालंय," ती म्हणाली. "चला, सांगून येऊ तिला."